साडेअकराशेचं विजेचं खोकं: मीटर खरे, कार्डं निम्मी खोटी

सुरुवातीलाच सांगतो, मी मास्तर नव्हे. बेळगावातल्या उद्यमबागेत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. जळकी मोटर उघडायची, स्लॉटमधली काळी पडलेली तार उपसायची, गेज बघायचा, टर्न मोजायचे, नवी कॉइल भरायची, वार्निश पाजायचं, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून खात्री करायची आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची. तेव्हा हे खोकं मी तारेच्या बाजूनं बघितलंय. पुस्तकाची बाजू भाचीनं सांभाळली. ती वडगावात राहते, मराठी माध्यमात दहावीला आहे. विजेच्या धड्यातली गणितं तिला सुटायची, पण डोळ्यासमोर काही यायचं नाही. ‘मामा, तू दिवसभर करंटमध्येच असतोस की, मला एकदा दाखव तरी काय असतंय ते,’ असं तिनं म्हटल्यावर मी ऐटीत बाजारात गेलो आणि साडेअकराशे रुपये मोजून ‘विद्युत प्रयोग संच’ घेऊन आलो.

कंपनीचं आणि दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असली खोकी तीनचार नावांनी मिळतात आणि आतला माल बघितला तर सगळा एकाच कारखान्यातून निघाल्यासारखा वाटतो. तुम्ही दुसऱ्या नावाचं आणलंत तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडेल.

आत काय निघालं? फूटभर लांबीचा प्लायचा पाट, त्यावर तारा अडकवायला स्प्रिंगा. दोन-दोन पेन्सिल सेलांचे दोन होल्डर आणि चार साधे सेल. टॉर्चचे तीन बल्ब, प्रत्येकाच्या कॉलरवर २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं बारीक कोरलेलं. एक अमीटर ० ते ३ अँपिअरचा, एक व्होल्टमीटर ० ते ५ व्होल्टचा. नायक्रोमची, म्हणजे हीटरमध्ये असते तसली, मीटरभर तार, एनॅमल चढवलेली तांब्याची तार, एक बोल्ट, होकायंत्र, दोन स्विच, फ्यूजच्या तारेचा बोटभर तुकडा, क्रोकोडाइल क्लिपा लावलेल्या दहा वायरी. आणि बारा कार्डं, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी. मराठी नाही, कन्नडही नाही. बेळगावात पाट्यांच्या भाषेवरून काय काय होतं ते मी इथं काढत बसत नाही. पण आमच्याकडं दोन्ही भाषांतली पोरं एकाच गल्लीत दहावीला असतात, आणि या खोक्यानं दोघांनाही सारखंच परकं ठरवलं. एवढी समानता तरी आहे म्हणायची.

त्यातनं एक मजा झाली ती आधी सांगतो. बहिणीच्या घरासमोर एक मुलगा आहे, कन्नड माध्यमातला, तोही दहावीलाच. वायरी बघून तोही पाटाशेजारी येऊन बसला. भाची कार्डावरचं वाचून मराठीत सांगायला लागली, ‘विभवांतर म्हणजे…’ तर हा म्हणाला, ‘आमच्यातबी विभवांतरच.’ मग दोघांनी पुस्तकं शेजारीशेजारी मांडली. रोधाला त्याच्याकडंही रोध. समांतर जोडणीला समांतरच. फक्त बल्ब एकामागोमाग एक लावले की हिच्याकडं ‘एकसर’ आणि त्याच्याकडं ‘सरणी’. मी या सव्वीस वर्षांत यातला एकही शब्द उच्चारला नव्हता. माझ्या दुकानात व्होल्टेज, रेझिस्टन्स, सिरीज, पॅरलल. म्हणजे त्या पाटावर अडाणी होतो तो मीच.

आता मालाकडं वळू. पाट चांगला, स्प्रिंगा घट्ट. क्लिपा मात्र बघून घ्या. दहापैकी तीन वायरींत क्लिपेच्या रबराखाली तार नुसती दाबलेली होती, सोल्डर नाही. हलवली की बल्ब मिचमिचतो. पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आणि ते निम्मा तास सर्किट उलटंपालटं करत बसतं. रबर मागं ओढून बघा, सैल असेल तर एखाद्या रिपेरीवाल्याकडनं सोल्डरचा ठिपका मारून घ्या. पाच मिनिटांचं काम.

खरी भानगड सेलांची. कार्ड नंबर ४ म्हणतं, तीन बल्ब समांतर जोडा, तिन्ही बल्ब एकट्या बल्बाइतकेच उजळ लागतील. भाचीनं जोडले. पहिला बल्ब झकास लागला. दुसरा लावला, पहिला जरा मंद. तिसरा लावला, तिन्ही पिवळे, देवासमोरच्या समईसारखे. तिनं कार्ड परत वाचलं, वायरी परत लावल्या, परत तेच.

‘काय करायलीस ग?’

‘कार्डावर बरोब्बर लागतंय म्हणून लिवलंय. मलाच जमंना झालंय.’

मी व्होल्टमीटर सेलांच्या दोन टोकांना लावला आणि तिला काट्याकडं बघायला सांगितलं. बल्ब एकही नसताना ३.१. एक बल्ब, २.६. दोन बल्ब, २.२. तीन बल्ब, १.९ च्याही जरा खाली. तिचं सगळं बरोबर होतं. सेलच दमत होते.

प्रत्येक सेलच्या पोटातही रोध असतो, अंतर्गत रोध. सेल स्वस्तातला साधा असला की तो जास्त. बाहेर एक बल्ब असताना ०.३ अँपिअर धारा जाते, तेव्हा पोटातल्या रोधावर अर्धा व्होल्ट खर्च होतो. तीन बल्ब लावले की धारा पाऊण अँपिअरच्या वर जाते आणि सव्वा व्होल्ट आतच मुरतो, बल्बांना उरलंसुरलं. भाचीनं वहीत भागाकार केला: ३.१ वजा २.६ भागिले ०.३१, अंतर्गत रोध सुमारे १.६ ओहम, दोन सेलांचा मिळून. आणि मग दोन बल्बांचं उत्तर आधी काढून मीटरशी ताडून बघितलं, तेही जुळलं. कार्डावर या रोधाचा उल्लेखच नाही. कार्ड लिहिणाऱ्यानं प्रयोग केलाच नसावा, पुस्तकातलं वाक्य उचललं असावं.

मला हे नवं नव्हतं, कारण माझी रोजीरोटीच त्यावर चालते. नदीकाठच्या गावांत, ऊसपट्ट्यात, थ्री-फेज आला की सगळे आपापले आयपी सेट, म्हणजे शेताचे पंप, एकदम चालू करतात. एका टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) वीस पंप असतील तर लायनीच्या तारेतच व्होल्ट गळतात आणि शेवटच्या विहिरीपर्यंत जे पोहोचतं ते अशक्त असतं. मोटर मात्र तेवढंच पाणी उपसायला बघते, मग ती धारा जास्त ओढते. तापणं धारेच्या वर्गानं वाढतं, धारा दीडपट झाली की ताप सव्वादोनपट. चार दिवसांत वाइंडिंगचा वास यायला लागतो आणि पाचव्या दिवशी ती मोटर टेम्पोतून माझ्या दुकानात. तीन बल्बांचे मंद डोळे आणि ती जळकी मोटर, दोन्हींचं कारण एकच, असं सांगितल्यावर भाची म्हणाली, ‘म्हणजे तुझं दुकान अंतर्गत रोधावर चालतंय.’ बरोबर आहे. मी इतकं नेमकं कधी म्हटलं नव्हतं.

गणपत गल्लीतनं अल्कलाइन सेल आणले, तसेच घातले, तर तीन बल्बांतही काटा २.७ च्या वरच राहिला आणि कार्ड बऱ्यापैकी खरं ठरलं. म्हणजे विकत घेताना सेलांचे पैसे वेगळे धरा. पण एक सांगतो, खोक्यातले रद्दी सेल टाकू नका. दोन्ही सेलांवर तोच प्रयोग केल्याशिवाय यातली गंमत कळत नाही.

ज्याच्या नावानं आपण रोध मोजतो त्या ओहमलाही हाच त्रास झाला होता. जर्मनीतल्या कोलोनला तो शाळेत शिकवायचा. व्होल्टा या शास्त्रज्ञानं १८०० साली पहिली बॅटरी दाखवली होती, तसल्याच बॅटरीवर ओहमनं सुरुवातीला मापं घेतली, पण तिचा जोर चालता चालता बदलायचा. शेवटी त्यानं बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबं व बिस्मथ या दोन धातूंचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात. त्यातनं वीज अगदी थोडी मिळते, पण जेवढी मिळते तेवढी ठाम. त्यावर घेतलेल्या मापांतनं, विभवांतर वाढेल त्याच प्रमाणात धारा वाढते, हा नियम निघाला आणि १८२७ साली तो पुस्तकात छापला. भाचीला हे सांगितल्यावर तिची मान जरा वर आली. शाळामास्तरालाही सेलांनी रडवलं होतं तर.

आता कार्ड नंबर ६, आणि याच्यावर माझा खरा राग आहे. ‘ओहमचा नियम पडताळा.’ कशावर? बल्बावर! बल्बाच्या दोन टोकांतलं विभवांतर मोजा, धारा मोजा, आलेख काढा, सरळ रेषा येईल. खाली नमुना म्हणून सरळ रेषेचं चित्रसुद्धा छापलंय.

मी दुकानात होतो. संध्याकाळी बहिणीकडं गेलो तर आलेख तयार, वहीत सुबक, चारही ठिपके रेषेवर नेमके बसलेले. एवढे नेमके ठिपके मला खटकले. ० ते ३ अँपिअरच्या या मीटरवर एक घर ०.१ अँपिअरचं आहे, बल्बाची सगळी गोष्ट पहिल्या तीन घरांत संपते, त्यावर इतकं नेमकं वाचता येणं शक्यच नाही. विचारलं. आधी गप्प. मग वहीचं मागचं पान उलटून दाखवलं. तिथं पेन्सिलीनं लिहिलेले खरे आकडे, त्यावर खाडाखोड. रेषा वाकडी येत होती म्हणून तिनं आकडेच सरळ करून टाकले होते.

मी रागावलो नाही. कितीही हुशार पोर असलं तरी छापील चित्र आणि स्वतःचं माप यात ते चित्रावरच विश्वास ठेवणार. पिशवीतनं माझा मल्टिमीटर काढला, लाल दांडी १० अँपिअरच्या भोकात घातली (हे महत्त्वाचं आहे, मिलिअँपिअरच्या भोकात घालून ०.३ अँपिअर सोडलं तर आतला फ्यूज जातो), आणि म्हटलं, आता परत घे, आणि काय दिसतंय तेच लिही. धारा कमीजास्त करायला खोक्यात रिओस्टॅट नाही. आम्ही नायक्रोमची तार पाटावर ताणून तिच्यावरनं क्लिप सरकवली, झाला रिओस्टॅट.

आकडे आले ते असे. ०.४ व्होल्टला ०.११ अँपिअर. १ व्होल्टला ०.१८. १.७ ला ०.२४. २.५ ला ०.३०. भागाकार केला तर रोध निघाला अनुक्रमे ३.६, ५.६, ७.१ आणि ८.३ ओहम. नियमाप्रमाणे तो एकच यायला पाहिजे. बल्ब काढून गार झाल्यावर मल्टिमीटरनं नुसता रोध बघितला तर तो एक-दीड ओहमच.

‘मग ओहम चुकला?’ समोरच्या पोरानं विचारलं. तो तर खूश झाला होता.

ओहम चुकला नाही. त्याच्या नियमाला एक अट आहे, तापमान तेच राहिलं पाहिजे. ती अट पुस्तकात आहे, दोघांनाही पाठ आहे, पण पाठ केलेली अट वापरायची कुठं ते कार्डानं सांगितलं नाही. बल्बाची तार टंगस्टनची. पिवळी-पांढरी होईपर्यंत ती तापते आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. जेवढे व्होल्ट वाढवाल तेवढी ती जास्त तापते आणि वाट अडवते, म्हणून रेषा वर जाता जाता वाकते. तिची वाकडी रेषाच खरी होती. पेन्सिलीचे खोडलेले आकडे आणि मल्टिमीटरचे आकडे शेजारी ठेवले तर फारसा फरकही नव्हता. त्या ढोबळ मीटरवरही पोरीनं घराच्या अंशांचा अंदाज बऱ्यापैकी घेतला होता. मग खोडरबरानं तिनं सरळ रेषा पुसली. कागद थोडा फाटला.

नियम पडताळायचाच असेल तर नायक्रोम घ्या. खोक्यातल्या तारेवर गेज लिहिलेला नाही. मी गेज प्लेट लावून बघितला, २८ नंबर. म्हणजे जाडी सुमारे ०.३८ मिलिमीटर, आणि त्या जाडीच्या नायक्रोमचा रोध मीटरला जवळजवळ १० ओहम. हिशोबाला याहून सोयीची तार शोधून मिळायची नाही: १० सेंटिमीटरला १ ओहम. तेवढ्या एका गोष्टीसाठी, ज्यानं कुणी ही तार निवडली त्याला पैकीच्या पैकी. अर्धा मीटर तारेवर आकडे आले ०.५ व्होल्टला ०.१०, १ ला ०.२१, १.५ ला ०.३०, २ ला ०.४१. रेषा सरळ, आणि रोध ५ च्या आसपास. नायक्रोमही थोडा तापतो, पण तापल्यानं त्याचा रोध फारसा हलत नाही. मग तार दुपटून पीळ दिला, म्हणजे लांबी निम्मी आणि तारेचं क्षेत्रफळ दुप्पट झाल्यासारखं, तर रोध सव्वा ओहमाच्या जवळ उतरला. लांबी निम्मी म्हणून निम्मा, क्षेत्रफळ दुप्पट म्हणून परत निम्मा. हे कार्डात नाही, भाचीच्या डोक्यातनं निघालं.

कार्ड ७ वर मीटर कसे जोडायचे ते आहे, चित्र बरं आहे. पण चुकलं तर काय होतं ते नाही, आणि शिकायला तर तेच पाहिजे. समोरच्या पोरानं व्होल्टमीटर बल्बाच्या रांगेत, एकसर लावला. बल्ब पेटेना. ‘बल्ब गेला!’ म्हणून ओरडला. काटा बघितला तर ३ व्होल्ट दाखवतोय. बल्ब गेला असता तर वाट तुटली असती आणि काटा शून्यावर पडला असता. वाट चालू आहे, पण व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध हजारो ओहम. त्यातनं गळत गळत जेमतेम मिलिअँपिअरभर धारा जाते. बल्बाला तेवढ्यात काय होणार? आणि जवळजवळ सगळं विभवांतर मीटरनंच खाल्लं, म्हणून काटा ३ वर. अमीटरचं उलटं, त्याचा रोध नावापुरता. तो सेलाच्या दोन टोकांना सरळ लावला तर शॉर्टच. हे मात्र मी करू दिलं नाही, मीटर एकच होता.

यातनंच भाचीला एक प्रश्न पडला आणि तो मला या सगळ्या खोक्यापेक्षा मोठा वाटतो. दुकानात माझ्या बोर्डावर आरसीसीबी आहे, म्हणजे करंट गळायला लागला की आपोआप बंद होणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. माणसाच्या अंगातनं करंट जमिनीत जायला लागला तर तो तेवढ्यालाच पडतो, हे तिला मी कधीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘मग ह्या बल्बातनं ३०० मिलिअँपिअर जातंय. मी दोन्ही क्लिपा हातात धरलोय. मला का बसंना?’

मी एक मिनिट गप्प झालो. मग मल्टिमीटरच्या दोन दांड्या तिच्या दोन हातांत दिल्या. लाखांत ओहम. हात ओले करून परत धरायला सांगितलं, आकडा पुष्कळ खाली आला, तरी हजारांत. ३ व्होल्ट भागिले हजारो ओहम, म्हणजे ओल्या हातांनीसुद्धा मिलिअँपिअरच्या आतबाहेर. बल्बातली धारा बल्बापाशीच राहते, तुझ्यातनं किती जाईल ते तुझा रोध आणि सेलाचे व्होल्ट ठरवतात. आता तेच गणित भिंतीतल्या २३० व्होल्टांवर कर म्हटलं. तिनं केलं, वहीकडं बघत राहिली, आणि ओले हात ओढणीला पुसले.

हे मी इथं सविस्तर लिहितोय कारण खोक्यात एकही सूचना ठळक अक्षरात नाही की यातली कुठलीही वायर भिंतीच्या प्लगमध्ये घालू नका. खेळण्यातल्या वायरी आणि घरातला प्लग यांत पोरांना फक्त अंतराचा फरक दिसतो. घरी आणलंत तर पहिलं काम हे करा, दोन्ही हातांचा रोध मोजून दाखवा आणि २३० चं गणित करून घ्या. नुसतं ‘हात लावू नको’ म्हणून भागत नाही, माझ्या दुकानात शिकायला आलेल्या पोरांवरनं सांगतो.

विद्युतचुंबकाच्या कार्डावर तर मला हसूच आलं. ‘तार बोल्टाभोवती गुंडाळा, टोकं सेलाला जोडा, टाचण्या चिकटतील.’ चिकटल्या नाहीत. कशा चिकटतील? तारेवर एनॅमल आहे. दिसायला ती तांब्यासारखी झळझळीत, पण वरनं पारदर्शक कोट असतो, नाहीतर शेजारचे दोन टर्न एकमेकांना लागून शॉर्ट होतील. टोकांवरचा कोट ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं खरवडल्याशिवाय करंट आतच शिरत नाही. आमच्याकडं नवीन पोराला पहिल्या दिवशी हेच काम देतात. भाचीनं बोटभर टोकं गुलाबी होईपर्यंत खरवडली आणि अकरा टाचण्या उचलल्या. टर्न दुप्पट केल्यावर जास्त उचलल्या, किती ते मोजायच्या आत सेल गरम झाले. कारण तांब्याच्या तेवढ्या तारेचा रोध अर्धा ओहमसुद्धा नाही, सेल जवळजवळ शॉर्टच. मध्ये अर्धा मीटर नायक्रोम लावा, टाचण्या कमी उचलतील पण सेल वाचतील. होकायंत्र ठीक आहे, काटा हलतो, उत्तर दाखवतो, तक्रार नाही.

फ्यूजचा तुकडा एकदाच जळतो आणि संपतो. जळताना बघायला मजा येते. दुसरा मिळत नाही.

आता कार्ड ११. घरातल्या जोडणीचं चित्र: मेन, फ्यूज, स्विच, बल्ब. लाल वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, रंग बरोबर, फ्यूज लालवरच. आणि स्विच काढलाय काळ्या वायरीत! असा स्विच बंद केला की बल्ब विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो. बल्ब बदलायला हात घातला की संपलं. स्विच नेहमी फेजमध्ये, वायरमनच्या पोटी जन्मलेल्या पोरालाही हे कळतं. छापायच्या आधी एखाद्या वायरमनला चित्र दाखवायला काय झालं होतं? मी तांबड्या पेनानं त्या कार्डावर फुली मारली आणि मागच्या कोऱ्या जागेत बरोबर चित्र काढून दिलं. तुमच्याकडच्या कार्डावर बरोबर असेल तर उत्तमच, पण बघून घ्या.

कार्ड १२ वीजबिलाचं. १ युनिट म्हणजे १ किलोवॉट-तास, ३६ लाख ज्यूल. बरोबर आहे, त्यासाठी खोक्याची गरज नव्हती.

दुकानात परत जाऊन तक्रार केली का, तर केली, क्लिपांची. दुकानदार भला माणूस, दोन वायरी बदलून दिल्या, कार्डांबद्दल म्हणाला, ‘साहेब, कार्डं कोण वाचतंय?’

तर, घ्यावं का? घरात दहावीचं पोर असेल आणि शेजारी बसायला कुणी असेल, म्हणजे वायरमन, वाइंडर, आयटीआय केलेला चुलता, कुणीही, तर घ्या. पाचपैकी साडेतीन. दीड गुण सेल, अमीटर आणि कार्ड ११ नं घालवले. अमीटर ० ते ५०० मिलिअँपिअरचा असता तर मी चार दिले असते, आणि मल्टिमीटर पिशवीतनं काढावा लागला नसता. पोराला एकट्याला देऊन तुम्ही टीव्ही बघणार असाल तर नको. ते कार्डाप्रमाणे आलेख सरळ करून ठेवेल आणि तुम्ही शाबासकी द्याल.

सुटं सामान जमवायचं म्हटलं तरी जमतं. टॉर्चचे बल्ब, होल्डर, सेल बाजारात मिळतात, नायक्रोमची २८ नंबरची तार हीटर रिपेरीवाल्याकडं मीटरवर मिळते, आणि तांब्याची तार हवी असेल तर कुठल्याही वाइंडिंगच्या दुकानात तुकडा मागा, आम्ही त्याचे पैसे घेत नाही. खर्च निम्म्यावर येईल. पाट मात्र स्वतः करावा लागेल.

खोकं सध्या समोरच्या घरी आहे. त्या पोराच्या शाळेत सोमवारी प्रयोग आहे म्हणून घेऊन गेलाय. तीनपैकी एका बल्बाचा जीव गेला, चार सेल एकदम लावून बघितले म्हणे. भाची परवा दुकानात आली होती, नवे बल्ब मागायला, आणि जाताना बाकावर पडलेल्या मोटरच्या जळक्या स्टेटरकडं बघून विचारलं, ‘ह्याचा आलेख काढता येतोय काय?’